लेडीज सायकलीचा भाव

तेजरामच्या पायांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. अर्धं आयुष्य त्यानं मागावर काढलं, खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबत. विणकामात पोट भरेना तेव्हा माग बंद झाला, पण ते पायांना कोणी कळवलंच नाही. जेवायला बसला तरी त्याचा गुडघा हलायचा, खाटेवर पडला तरी टाचा वरखाली व्हायच्या. बायको पुष्पाबाई शेजारणींना सांगायची, "झोपेतबी विणूनच राह्यते हा माणूस. पातळ तं एकबी निघत नाई."

गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्यालाही तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. जवाहरनगरच्या फाट्यावर काही खटपट्या मंडळींनी एकत्र येऊन सायकलींचं सार्वजनिक दुकान काढलं. तिथल्या कारखान्याच्या कॉलनीतली माणसं रिटायर व्हायची, क्वार्टर सोडून गावी जायची आणि सायकली जिन्याखाली गंजत पडायच्या. त्या मागून आणायच्या, दुरुस्त करायच्या आणि खेड्यातल्या शाळकरी पोरांना स्वस्तात द्यायच्या, असा बेत होता. दुरुस्तीचं आणि भाव ठरवायचं काम तेजरामकडे आलं. पायांना काहीतरी काम मिळालं म्हणून पुष्पाबाईनं देवापुढे नारळ फोडला.

भाव ठरवायची त्याची रीत सगळ्यांना माहीत होती. सायकल तयार झाली की तो स्वतः तिच्यावर बसून पुलापर्यंत जायचा, खड्ड्यातून घालायचा, जोरात ब्रेक दाबायचा आणि परत यायचा. उतरला की खडूनं सीटवर आकडा लिहायचा. एकदा लिहिलेला आकडा मग पुसला जात नसे. "गिऱ्हाइकाचं तोंड पाहून भाव करू नये, सायकलीची चाल पाहून करावं," असं तो म्हणे. घेणाऱ्याचं नावगावही तो विचारत नसे. सुरुवातीला एका पोराला गावात 'धर्माच्या सायकलीवाला' म्हणून चिडवलं होतं. तेव्हापासून दुकानानं ठरवलं, पैसे घ्यायचे, सायकल द्यायची आणि माणसाला विसरून जायचं.

पण या सोन्यासारख्या रीतीला एक भोक होतं. एकदा तो टोपली लावलेल्या गुलाबी लेडीज सायकलवर पुलाकडे निघाला आणि चहाच्या टपरीवरून हाक आली, "तेजरामबाई, येतावक्ती वांगे आणजा." टपरी दिवसभर हसली. त्यानंतर तेजराम कुठल्याच लेडीज सायकलवर बसला नाही. उभ्याउभ्या चाक फिरवायचा, ब्रेक दाबून पाहायचा आणि आकडा लिहायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "नाजूक वस्तू आये, आपलं वजन कायले टाका तिच्यावर." लाजेला असं शहाणपणाचं धोतर नेसवलं की ती चारचौघांत खपून जाते. त्याचीही खपली.

मग एके दिवशी श्यामराव दुकानात आले. ते कॉलनीतून निवृत्त होऊन निघाले होते आणि धाकट्या मुलीची लाल लेडीज सायकल द्यायला आले होते. मोठीची तशीच लाल सायकल त्यांनी आधी दिली होती, ती दिवाळीनंतर विकलीही गेली होती.

"जोडीच्या सायकली होत्या दोन्ही," श्यामराव कौतुकानं सांगू लागले. "शेजाऱ्याच्या सामानाचा टेम्पो मागं घेताना दोन्ही सापडल्या चाकाखाली. दोन्हीचे चिमटे तुटले. म्या वेल्डिंग करून वरून असा रंग मारून घेतला का कोणाच्या बापाले कळत नाई."

चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं तो. तो तुटला तर बसणारा थेट तोंडावर जातो. श्यामरावांची पाठ वळताच तेजरामनं स्क्रू ड्रायव्हरनं रंग खरवडला. खाली वेल्डिंगच्या कडेनं केसासारखी चीर होती. चिमट्यावर जोर दिला तशी ती उघडली.

मोठीची सायकल कोणी नेली होती ते त्याला लख्ख आठवलं. एक बाई आणि तिची आठवी-नववीतली पोरगी. बाई म्हणाली होती, "आमच्या इकडे उतार लय आये भाऊ, बिरेक चांगला पायजे." मग त्यानं पुढचा ब्रेक आपल्या हातानं कसून दिला होता, वर पाठ थोपटून घेतली होती. फुटक्या चिमट्याला कडक ब्रेक आणि पुढे उतार. दुश्मनानंही एवढी नीट व्यवस्था केली नसती. आणि नाव नाही, गाव नाही. सायकल तुमसरच्या बसच्या टपावर चढली होती, एवढंच त्यानं पाहिलं होतं.

त्या दिवशी ताटावर बसला तर घास गिळेना. डोळ्यांपुढे ती पोरगी उतारावरून येत राहिली. सकाळी पुष्पाबाई चूल पेटवत होती, तोवर तो आपली सायकल घेऊन दारात.

"चाल्ले कुठं?"

"एका पोरीले शोधाले."

"या वयात?" पुष्पाबाई म्हणाली. पण त्याचा चेहरा पाहून तिनं दोन भाकरी बांधून दिल्या.

सायकल बसच्या टपावर टाकून तो तुमसरला उतरला आणि गावोगाव फिरू लागला. पन्नाशी ओलांडलेला अनोळखी माणूस लाल सायकलवाल्या पोरीचा पत्ता विचारत फिरतोय, हे कोणाला बरं वाटणार? एका टपरीवर चार जण उभे राहिले. "पोरीशी काय काम आये तुमचं?" त्यानं सायकलीची गोष्ट सांगितली तर त्यांना ती अजूनच संशयाची वाटली. तिथून तो निघाला तो पाठीवर डोळे घेऊनच. चिडचिड झाली, भूक लागली, पण भाकरी सोडाविशी वाटेना. धानाच्या सपाट बांध्यांत उतार कुठला असणार, असा विचार करत त्यानं डोंगराची वाट धरली. किल्ल्याखालच्या आंबागडात शिरला आणि पहिल्याच गल्लीत, कुडाच्या भिंतीला टेकलेली ती सायकल दिसली. चिमटा अजून तुटून पडला नव्हता. तेजरामनं दारातून हाक मारली.

घरातून ती सायकल नेणारी बाई, मंगलाबाई, बाहेर आली. तिनं त्याला ओळखलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पोरगी, रेणू, तिच्या मागे उभी राहिली.

"बाई, हे सायकल वापस द्या," तेजराम म्हणाला. "पैसे घ्या आपले."

"काहून? भाव वाढला का?"

"भावाचं नाई बाई. चिमटा तुटका आये."

"दिला तवा चांगला होता. आता दुसरं गिऱ्हाईक भेटलं असन तुमाले."

तो म्हणाला, मग माझी सायकल ठेवा, तिच्या बदल्यात. ही तर त्याची मोठीच चूक झाली. तोवर शेजारपाजार गोळा झाला होता. धडधाकट सायकल देऊन मोडकी मागणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. जागेश्वर नावाचा एक म्हातारा मान हलवत बोलला, "दाल में कुछ काला आये. देऊ नको, मंगला." तेजरामनं रंग खरवडून चीर दाखवली, तर सगळ्यांचं एकमत झालं की तो ओरखडा आहे आणि तोही त्यानंच आत्ता पाडला.

जन्मभर भाव सांगणाऱ्या माणसाचं बोलणं लोकांना भावाचंच वाटतं. तेजराम आतून तडफडला. शेवटी त्यानं सगळं ओकून टाकलं.

"मी बसून पाह्यलोच नाई हिच्यावर," तो म्हणाला. "मानसाच्या सायकलीवर बसतो, मंगच भाव करतो. हे लेडीज होती. लोक हासतेत म्हणून लाजलो."

लोक हसलेच. तेव्हा तेजरामनं धोतराचा सोगा खोचला, लाल सायकल ओढून घेतली आणि तिच्यावर बसला. टोपली लावलेली ती छोटी सायकल, गुडघे हँडलला लागतायत, मागून पोरं ओरडत पळतायत. गल्लीच्या तोंडापासून तलावाकडे उतार होता. त्यानं सायकल सोडून दिली. निम्म्या उतारावर, आपणच कसलेला पुढचा ब्रेक दोन्ही हातांचा जोर लावून दाबला.

कट्ट असा आवाज झाला. चाक एकटंच तलावाकडे निघालं आणि तेजराम तोंडावर आला.

लोक धावले तेव्हा तो उठून बसला होता. ओठ फाटला होता, एक दात हलत होता, मनगट बघता बघता सुजलं. कोणीच हसत नव्हतं. जागेश्वरनं तुटलेला चिमटा उचलून उलटसुलट पाहिला आणि हळूच खाली ठेवला. मंगलाबाईनं पोरीला जवळ ओढून घट्ट धरली. मग तिचं तिलाच काहीतरी वाटलं आणि ती पळत जाऊन पाण्याचा गडवा घेऊन आली.

तेजरामला फार दिवसांनी हलकं वाटलं. दुखत होतं सगळीकडून, पण पोरगी समोर धड उभी होती. पाय मांडीखाली घेऊन तो बसला होता आणि ते चक्क हलत नव्हते. त्यानं गडवा तोंडाला लावला.

"काका," रेणू म्हणाली, "माह्या वर्गातली हर्षा, तिनंबी तुमच्याच दुकानातून आनली लेडीज सायकल. तिच्यावर बसून पाह्यले होते तुमी?"

त्यानं गडवा खाली ठेवला. हर्षा कोण, कधी आली, काही आठवेना. आठवणार कसं? आणि मग एकामागून एक आठवायला लागल्या त्या सायकली. निळी, हिरवी, टोपलीवाली जांभळी, कॅरिअर नसलेली. उभ्याउभ्या चाक फिरवून त्यानं ज्यांच्यावर आकडा लिहिला होता त्या सगळ्या. त्यांतली एखादी साकोलीकडे, एखादी पवनीकडे, कोणाच्या तरी पोरीला घेऊन या घटकेलाही चालली असेल. चांगल्या असतील बहुतेक. पण कुठल्या चांगल्या आणि कुठली नाही, हे त्याला सांगता येत नव्हतं.

पोरगी उत्तराची वाट पाहत होती.

"नाई," तो म्हणाला आणि चांगल्या हातावर भार देऊन उठायला लागला. "कुठं राह्यते ते?"