फोटोचं नाव घेतलेली फाईल

माझ्या ताईची मुलगी तापानं गेली, त्याला वर्षही झालं नव्हतं. तिचे सगळे फोटो कळमनुरीला दाजींच्या कॉम्प्युटरवर होते. एकदा मेलवर एक फाईल आली. नावाच्या शेवटी जेपीजी दिसलं, म्हणून दाजींनी फोटो समजून ती उघडली. त्यापुढचं ईएक्सई, म्हणजे तो फोटो नसून प्रोग्राम असल्याची खूण, कॉम्प्युटर दाखवतच नव्हता. तो व्हायरस होता. संध्याकाळपर्यंत भाचीचा एकही फोटो उघडेना. नांदेडच्या दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले.

“तुमी काहून उघडली ती?” ताईनं विचारलं.

“मला वाटलं, कुणीतरी आपल्या लेकराचा फोटो पाठवला,” दाजी म्हणाले.

शाळेच्या ओळखपत्रावर भाचीचा एक बारका फोटो उरला होता. तो मोठा करून आणला, तर चेहराच ओळखू येईना.