दोन पाकळ्यांचा कौल

"उजवी दिलंस तर पद आताच घेतंय, डावी दिलंस तर गणेश चवथीनंतर. असा घाल गाऱ्हाणा," काका गुरवाला हळू सांगत होते. मी खांबाजवळ उभी होते, म्हणून ऐकू आलं.

गुरवाने ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या; आधी गळेल ती पाकळी म्हणजे देवाचं उत्तर. प्रश्न असाच पोचणार, हे त्याने मान हलवून मान्य केलं.

काका पेडण्याच्या कोर्टात सरकारी वकील होते. म्हणजे कधी असायचे, कधी नसायचे. सरकार बदललं की दारावरची त्यांची पाटी उतरायची, परत बदललं की तीच पाटी पुसून लागायची. आता परत बोलावणं आलं होतं. अट एवढीच, की मागच्या मंत्र्यावरची जुनी केस जोरात चालवायची. त्यात काही नाही, हे काकांनीच दोन वर्षांपूर्वी जेवताना सांगितलं होतं. आता जेवताना ते क्रिकेटबद्दल बोलत.

आमच्या हरमलच्या घरात मागची खोली एका युक्रेनियन बाईने भाड्याने घेतली आहे. ती पूर्वी तिकडच्या मुख्य सरकारी वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होती. हे कळल्यापासून काका संध्याकाळी बल्कांवात, दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून तिला प्रश्न विचारत. दुभाषी मी. इंग्रजी शाळेत घातल्याचा घरच्यांना झालेला हा पहिला उपयोग.

तिच्या साहेबाला एका राष्ट्राध्यक्षाने नेमलं आणि काढलं. तो कोर्टात गेला, जिंकला, परत खुर्चीत बसला. मग त्याला सांगण्यात आलं की अमक्या विरोधकाच्या मागे लाग. तो लागला. पुढे तो विरोधकच निवडून आला.

"पण कोर्टान परत बसवल्यान ना त्याका?" काकांना तेवढंच आवडलं होतं.

मी विचारलं. ती म्हणाली, बसवलं, पण आम्ही त्याच्या सामानाचे खोके उघडलेच नाहीत. टेबलाखाली तसेच ठेवले, पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून. काका खूप हसले. मग ती आणखी म्हणाली, त्याला 'नको' म्हण असं कुणीच सांगितलं नाही, आम्ही सगळे त्याच्या हाताखालचे.

हे शेवटचं काकांना सांगायचं राहिलं. पोदेर भोंपू वाजवत आला आणि काका पाव घ्यायला उठले. नंतर त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी सहसा विचारल्याशिवाय सांगत नाही.

देवळात गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालू लागला. रखवालदार देवा, ह्या लेकराची काळजी तुला. लेकरू साठीला आलेलं, हात जोडून, डोळे मिटून उभं होतं. मी पाकळ्यांकडे बघत होते. उजवीकडची थोडी सरकली आणि थांबली. गुरव श्वास घ्यायला थांबला. देऊळ शांत झालं. मागे कुणीतरी चप्पल काढत होतं तेवढाच आवाज.

"काका," मी म्हणाले, आणि गुरवानेही वळून पाहिलं. "पद घेवचाच नाय, ह्याची पाकळी खंयची?"