तीनशे प्रश्नांचं वैर

ऑफिसात तिला समोर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे चाळणी, कारण तिच्या हातून एक खडा निसटत नसे. बोलणाऱ्या यंत्रांवर माणसानं किती भरवसा ठेवावा, ती आपल्याला गंडवतात की काय, हे तपासायला शिकणारे नवखे संशोधक दर सहामाहीला त्या संस्थेत येत. चार-चार जणांच्या पाच तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक मार्गदर्शक, आणि पाचही मार्गदर्शकांच्या मानगुटीवर ही. मार्गदर्शक मुलांचं लिखाण वाचतो की नुसती मान डोलावतो, हे ती बघायची. एका बाबतीत मात्र ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. काम ज्यानं केलं, शोधनिबंधावर नाव त्याचं. एका नावाजलेल्या मार्गदर्शकानं एका मुलीचं नाव ‘चुकून’ गाळलं, तर त्याच आठवड्यात तिनं त्याला नारळ दिला. मुलांना वाटे, काय देवमाणूस आहे. देवमाणूस कसला, आतून नुसता धुमसत होता तो देवमाणूस.

नऊ वर्षांपूर्वी ती स्वतः नवखी होती आणि तिचे सर या क्षेत्रातलं बडं प्रस्थ. कुणाची नजर नाही असं वाटलं की यंत्र खोटं बोलतं का, हे पकडायची चाचणी सरांनी काढली, असं लोक अजून म्हणतात. त्या चाचणीतले तीनशे प्रश्न हिनं लिहिले होते. बिनखिडकीच्या खोलीत, प्रिंटरशेजारी बसून, अख्खा हिवाळा. निबंध छापून आला तेव्हा त्यावर सरांचं नाव होतं, सरांच्या दोन मित्रांची होती, हिचं नव्हतं. ती विचारायला गेली तर सर हसले.

“अगं, टायपिंग करणाऱ्यांची नावं घालत बसलो तर निबंध कुठे लिहायचा?”

हे वाक्य तिनं गिळलं, पण पचलं नाही. नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणे, तुझा हा राग म्हणजे किडलेला दात आहे, सारखी जीभ लावून बघतेस, एकदाचा उपटून टाक. ती म्हणे, उपटायचाच आहे, पण माझा नाही, त्यांचा.

आणि तिनं सोय करून ठेवली होती. नव्या तुकडीचा पहिला धडा असा की एखादा गाजलेला निबंध घ्यायचा, त्यातला प्रयोग मुळापासून पुन्हा करायचा आणि खोट शोधायची. चार तुकड्यांचे निबंध मार्गदर्शक निवडत. पाचव्या तुकडीचा ती निवडे, आणि तो दर वेळी सरांचाच असे. चार वर्षांत आठ तुकड्या त्यावर तुटून पडल्या. कुणी चुकलेली बेरीज आणली, कुणी वाकडा आलेख. ती तोंडभर कौतुक करी आणि मनात चरफडे. तिला सरांचं नख नको होतं, मुंडकं हवं होतं.

नवव्या तुकडीत सिस्टर आली. आधी दवाखान्यात नर्स होती, पस्तिशीत हा रस्ता धरला, म्हणून सगळे सिस्टर म्हणत. आजवर प्रत्येकानं निकाल तपासले होते. हिनं तीनशे प्रश्न एकेक करून वाचले. ‘नजर नाही’ असं भासवणारा प्रत्येक प्रश्न एकाच धाटणीचा होता. आधी खोलीचं वर्णन, मग ‘इथे आता कुणी नाही’. यंत्राला पहिल्याच ओळीत कळत होतं की ही परीक्षा आहे, आणि ते साळसूदपणे खरं बोलत होतं. सिस्टरनं प्रश्नांचे शब्द बदलले, तर तेच यंत्र धडधडीत खोटं बोललं. सगळीकडे वापरली जाणारी चाचणी पोकळ निघाली.

चाळणीला आनंदानं जेवण जाईना. तिसऱ्यांदा अहवाल वाचताना मात्र ती थबकली. ‘इथे आता कुणी नाही’ हे वाक्य तिचंच होतं. प्रिंटरच्या त्या खोलीत दिवसचे दिवस कुणी फिरकत नसे. जे दिसलं ते तिनं लिहिलं होतं. चूक सरांची नव्हती, तिची स्वतःची होती. मग तिला हसू फुटलं. नाव त्यांनी खाल्लं ना, मग चूकही त्यांनीच खावी.

सिस्टर म्हणाली, आजच सगळ्यांना कळवू. चाळणी म्हणाली, थांबा, सरांना समोर बसवून सांगू. सरांना वेळ होता तीन आठवड्यांनी. सिस्टर रोज दारात येऊन विचारी आणि ती रोज थांबा म्हणे.

सभेला पाचही तुकड्या होत्या. सिस्टरनं शांतपणे सगळं मांडलं. सरांनी चष्मा पुसला. खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

“ते प्रश्न मी लिहिलेच नव्हते,” ते म्हणाले. “एक विद्यार्थिनी होती. तिच्यावर विसंबलो, एवढीच माझी चूक.”

सिस्टरनं दुरुस्तीच्या टिपणासाठी नाव विचारलं. सरांची नजर खोलीभर फिरली, चाळणीवरूनही फिरली, आणि पुढे गेली.

“आता आठवत नाही.”

गप्प बसायचं ठरवलेली ती उठून उभी राहिली होती.

“माझं लिहा. तीनशेही प्रश्न माझे, चुकीसकट. आणि माझं नाव निबंधावर का नव्हतं, ते सरांना इथेच विचारा.”

सरांचा चेहरा असा पडला की नऊ वर्षांची उपासमार भागली. ते काहीतरी पुटपुटले आणि कागद गोळा करायला लागले. तिला कसलीच दया आली नाही.

बाहेर जिन्यापाशी सिस्टरनं तिला गाठलं.

“माझ्या जुन्या दवाखान्यात रोग्यांशी बोलणारं यंत्र आहे. याच चाचणीत पास झालेलं. तीन आठवडे मी तुम्हाला विचारत होते, मॅडम. कशासाठी थांबवलंत, ते आज कळलं.”

एवढं बोलून सिस्टर टिपण लिहायला निघून गेली.

संध्याकाळी टिपण सहीसाठी टेबलावर आलं. प्रश्न कुणी लिहिले, तिथे तिचं नाव होतं. सरांनी ते गाळलं, हेही होतं. आणि शेवटी सिस्टरनं एक ओळ घातली होती की चूक सापडल्यावर एकवीस दिवस कळवली गेली नाही, आणि कुणी थांबवलं त्याचंही नाव दिलं होतं. ज्या कामाखाली आपलं नाव नाही म्हणून ती नऊ वर्षं जळली, त्याच्याखाली ते आता दोनदा होतं. शेवटची ओळ खोडायला हात शिवशिवला. पण ओळ तशीच ठेवून तिनं सही केली.

पहिली प्रत मात्र तिनं सरांनाच धाडली.