भोईरकाकांचं सिंधी

आमच्या कात्रपच्या सोसायटीत परदेशी भाषा येणारे एकच गृहस्थ आहेत, हरिचंद्र भोईर. त्यांना त्या येतात असं सांगणारेही एकच गृहस्थ आहेत, तेही हरिचंद्र भोईरच.

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. डब्यातला निळा रंग नमुन्यातल्या निळ्याशी जुळतो की नाही, हे डोळे बारीक करून बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर डोळे बारीक करायला काही उरलं नाही. तेव्हा मुलाने, अमितने, त्यांच्या फोनमध्ये भाषा शिकवणारं एक ॲप टाकून दिलं आणि तो पुण्याला निघून गेला. तीन महिन्यांत काका स्पॅनिश, जपानी आणि कोरियन अशा तिन्ही आघाड्यांवर लढू लागले. कोरियनमध्ये त्यांना दूध, काकडी आणि 'हे माझे आजोबा आहेत' एवढं बिनचूक म्हणता येई. लिफ्टमध्ये भेटलं की ते यातलं काहीतरी म्हणत आणि आपण अर्थ विचारायची वाट बघत उभे राहत.

यातूनच विश्वचव मंडळ निघालं. सभासद चार. काका, शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले कोंडाजी, त्यांची बायको सगुणाबाई आणि मी. महिन्यातून एका रविवारी कोंडाजींच्या गाडीतून जायचं, एका परक्या संस्कृतीचं जेवायचं, तिच्या भाषेत चार शब्द बोलायचे आणि परत येऊन काकांनी ग्रुपवर अहवाल टाकायचा. अंबरनाथला एका ठिकाणी आम्ही मेक्सिकन जेवलो. त्यावर बारीक शेव भुरभुरलेली होती. जेवण झाल्यावर काका वाढणाऱ्याला म्हणाले, "ग्रासियास!"

तो म्हणाला, "वेलकम सर."

तो नेपाळचा होता. नेपाळीत काय म्हणतात ते विचारू या का, असं मी म्हटलं. काका म्हणाले, "नेपाळ आपल्या यादीत पुढच्या वर्षी आहे."

मोतीबाई, म्हणजे काकू, मंडळात नव्हत्या. त्यांना कुणी घेतलं नाही असं नाही, पण काकांचं म्हणणं असं की मोतीला या विषयाची आवड नाही. ती बरी, तिचं घर बरं, आणि बुधवारी उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन शिवणाचं काय ते काम बरं. काकू उल्हासनगरहून परकरांची कापडं आणून घरी शिवत. बावीस वर्षं त्या हे करत होत्या. पुढे नजर कमी झाली, शिवण थांबलं, पण बुधवारचं जाणं थांबलं नाही. काकांना ते फारसं जाणवलं नव्हतं. बुधवारी जेवण झाकून ठेवलेलं असे आणि ते वेळेवर असे.

गेल्या डिसेंबरात काकांनी जाहीर केलं की यंदा आपण दूर जायचं नाही. "शेजारी एवढी मोठी संस्कृती बसलीय, आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलोय. सिंधी! कॅम्प चार! आपल्या लोकांना कुतूहलच नाही हो."

तयारी त्यांनी मन लावून केली. व्हिडिओ बघून बघून एका दोनशे पानी वहीत बेचाळीस वाक्यं उतरवली. सिंधीत काही अक्षरं श्वास बाहेर न सोडता आत ओढून म्हणायची असतात, हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. सकाळी त्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून 'ब', 'ब', 'ब' असे आवाज येत. वरच्या मजल्यावरची मीनल काळजीने काकूंना विचारायला आली, काकांना दम्याचा त्रास आहे का.

"नाय गो," काकू म्हणाल्या, "शिकतंत."

रविवारी निघताना काकू खाली आल्या. हातात पिशवी. म्हणाल्या, "मना पन कॅम्पात जावचं हाय. गाडीन जागा हाय ना?"

काका मोठ्या मनाने म्हणाले, "चल. तुझंही बघणं होईल. फक्त मध्ये मध्ये घाई करू नकोस, आम्हाला लोकांशी बोलायचंय."

गाडीत काका पुढे बसून आम्हाला माहिती देत होते. फाळणी, निर्वासितांच्या छावण्या, मग हे कॅम्प. काकू मागे सगुणाबाईंना तांदळाच्या पापडांबद्दल काही सांगत होत्या. अंबरनाथच्या पुढे काका मागे वळून म्हणाले, "मोती, ऐक जरा, उपयोगाचं आहे."

कॅम्प चारमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी दाल-पकवानाचं दुकान काकांनी आधीच हेरून ठेवलं होतं. गल्ल्यावर पस्तिशीचा तरुण मालक होता, जितेश. काकांनी वही काखेत धरली, पुढे झाले आणि खणखणीत म्हणाले, "कीअं आहियो? मुंहिंजो नालो हरिचंद्र आहे."

जितेशने हसून हात जोडले. "काका, मराठीत बोला ना. माझी शाळा मराठी मीडियम. सिंधी घरात समजतं, बोलायला लागलो की मम्मी हसते."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी वहीचं पान उलटलं. पुढची चाळीस वाक्यं उत्तर सिंधीत येईल हे धरून लिहिलेली होती. तरी त्यांनी आणखी एक टाकून बघितलं, श्वास आत ओढून. जितेशने घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"थांबा, मम्मीला बोलावतो," तो म्हणाला. "वरच राहतो आम्ही."

जिन्यावरून एक ऐंशीच्या घरातली बाई उतरली. पांढरी ओढणी, जाड चष्मा, कठड्याला धरून एक एक पायरी. काका नमस्काराला वाकले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या खांद्यावरून मागे बघत, हाताने बोलावत ती ओरडली, "अडे मोती! अचु, अचु!"

आणि आमच्या मोतीबाई, ज्यांच्या तोंडून मी दहा वर्षांत 'मना' आणि 'जावचं' यापलीकडे फारसं ऐकलं नव्हतं, त्या सिंधीत सुरू झाल्या. सुरू झाल्या म्हणजे काय, थांबेचनात. हात नाचवत, मध्येच हसत, मध्येच त्या म्हातारीच्या गुडघ्याकडे बोट दाखवत रागावत. काकांना जो श्वास तीन आठवड्यांत आत ओढता आला नव्हता, तो काकू वाक्यात चार-चारदा सहज ओढत होत्या. पिशवीतून त्यांनी डबा काढला. तांदळाचे पापड होते.

कोंडाजी माझ्या कानाशी म्हणाले, "ह्यांना तर येतंय."

काकांनी वही मिटली आणि काकूंच्या पिशवीत टाकली.

त्या बाईंचं नाव ईश्वरीबाई. त्यांनी आम्हा सगळ्यांना वर नेलं. आधी भाजलेला पापड आणि पाणी आलं. पाहुण्याला तेच आधी देतात, असं काका आम्हाला सांगणार होते. ते वहीत होतं. पण ते सगुणाबाईंना काकूंनीच सांगितलं. मग कळलं ते असं. परकरांचं काम या ईश्वरीबाईंच्या घरचंच. सुरुवातीला काकू हिंदीत बोलायच्या, पण ईश्वरीबाई माप सांगताना सिंधीत शिरायच्या, आणि माप चुकलं तर उसवायला लागायचं. तेव्हा उसवणं परवडत नाही म्हणून भाषा आली. जितेशच्या बहिणीच्या लग्नात काकू चार दिवस इथे राबत होत्या. ईश्वरीबाईंना त्यांच्याकडून आगरी लग्नात गायचे धवले येऊ लागले होते. एका धवल्याच्या दोन ओळी त्यांनी लगेच म्हणूनही दाखवल्या, सिंधी हेलात.

जेवायला कढी-भात होता. बेसनाची कढी, चिंचेची, त्यात शेवग्याच्या शेंगा, भेंडी, बटाटा. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांना एकदम धीर आला. इथे त्यांना बोलण्यासारखं काही सापडलं होतं.

"बघा," ते आम्हाला म्हणाले, "संस्कृती कशा मिळत्याजुळत्या असतात! हेच आमच्या आगरी घरांत होतं. आमच्याकडे दर गुरुवारी असतं. आंबट म्हणतो आम्ही त्याला. माझ्या आईच्या हातचं—"

"तुमच्या आयशीच्या हातचा नाय," काकू भात कालवत म्हणाल्या. "हिच्या हातचा. हिनंच शिकवला मना."

"पण आपण वीस वर्षं खातोय!"

"तवापासूनच."

"मग मला सांगितलं नाहीस कधी?"

"सांगलेलं. तुमी पेपर वाचीत व्हतात."

सगुणाबाईंना ठसका लागला. ईश्वरीबाईंनी काय झालं म्हणून विचारलं, काकूंनी सिंधीत सांगितलं, आणि ती म्हातारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. काकांनी आणखी कढी वाढून घेतली. न घेऊन काय करणार होते? ती त्यांच्या आवडीची होती.

त्या महिन्यात ग्रुपवर अहवाल आला नाही. काका लिफ्टमध्ये नुसते 'काय मग' म्हणू लागले. मला ते बघवेना. मी आणि कोंडाजी काकूंकडे गेलो आणि म्हटलं, मंडळासाठी सिंधीचा वर्ग घ्या, आठवड्यातून एक तास.

"मना शिकवाला नाय येत," त्या म्हणाल्या. "मना बोलाला येतं."

तेवढ्यात आतून काका आले. बनियनवर, चष्मा कपाळावर. आमच्याकडे न बघता काकूंना म्हणाले, "बुधवारी तू जातेस ना. पिशवी जड असते. मी येऊ का?"

काकूंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली होती, आणि पिशवी जड असते हे काकांना त्या दिवशी कळलं होतं. "या," त्या म्हणाल्या. "पन वही आणू नका. म्हातारी घाबरते."

तेव्हापासून दोघं बुधवारी जातात. काका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात. पहिल्या महिन्यात त्यांना कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात ईश्वरीबाईंनी त्यांना मटार सोलायला दिले. आता जितेशही दुकान जरा मोकळं असलं की वर येऊन बसतो, कारण आईकडून त्याला धड सिंधी शिकायचंय आणि एकट्याने शिकायची लाज वाटते. दोघांच्या चुका साधारण सारख्याच असतात. फोनवरचं कोरियन तसंच राहिलं. ॲप रोज रात्री आठवण करून देतं आणि काका अंगठ्याने ती बाजूला सारतात.

परवा पार्किंगमध्ये काकांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, इकडे तिकडे पाहिलं.

"या बुधवारी मला पहिल्यांदा सगळं कळलं. अख्खं बोलणं. एकही शब्द सुटला नाही."

"अरे वा! काय बोलत होत्या?"

"माझ्याबद्दल. मोती सांगत होती, कारखान्यात असताना हा माणूस घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचा, मला वाटायचं माझ्यावर रागावलाय. दहा वर्षं वाटत होतं म्हणाली. मग एकदा कळलं, तो भिंतीचा रंग बघत असतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी कशाला काय म्हणतोय. मी मटार सोलत होतो." त्यांनी गाडीच्या टपावरची धूळ बोटाने पुसली. "तिला अजून वाटतंय मला कळत नाही. तुम्ही सांगू नका हं. ती माझ्यासमोर इतकं कधीच बोलली नव्हती."

मी सांगणार नाही म्हणालो. मग त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी कोंडाजींची गाडी मोकळी आहे का. मंडळाचं काय ठरलंय ते मी विचारलं. मंडळाचं काही नाही, म्हणाले. ईश्वरीबाईंना बारवी धरण बघायचंय, आणि त्यांना जिना उतरवून गाडीत बसवायला दोन माणसं लागतील.