जिन्याखालची गाजरं

घरोघरी मीटर बघत फिरायची नोकरी संपल्यावर काकांनी परसात भाजीपाला लावला. थंडीची चाहूल लागली तशी त्यांनी गाजरं उपटली आणि कुठंतरी वाचल्याप्रमाणे पेटीत ओल्या वाळूखाली पुरून पेटी जिन्याखाली ठेवली.

"थंडीभर ताजी राहतील," त्यांनी काकूंना ठासून सांगितलं. "फक्त वाळू ओलसर हवी."

रोज सकाळी ते पेटीत बोट खुपसून बघत. पाणी न घालताही वाळू ओलीच लागे, त्यामुळे स्वारी भलतीच खूश होती. "हातगुण असतो एकेकाचा!"

आठव्या दिवशी काकूंनी हाक मारली, "अहो, तुमचा हातगुण बघायला या."

पेटीत शेजारची मांजर निवांत बसली होती. काम उरकून तिनं वाळू सारखी केली आणि काकांकडं ढुंकूनही न बघता निघून गेली.

काका आधी आपल्या बोटाकडं बघत राहिले, मग हसत सुटले. "आठ दिवस हेच तपासत होतो मी!"

गाजरं खतात गेली, पेटी मांजरीला मिळाली. संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात ही हकिकत काकांनी स्वतःच सांगून टाकली. काकूंनी सांगितली असती, तर आठाचे पंधरा दिवस झाले असते.