ड्रॉइंगबाईंची काटेसावर

ड्रॉइंगबाई फुलाचे चित्र काढायला बसल्या की फूल सर्वांत शेवटी काढीत. आधी फांदी, मग देठ, मग देठाच्या बगलेतला तुम्हाआम्हाला न दिसणारा बारीक फुगवटा, मग पाने. आणि ऊन डोक्यावर येऊन उठायची वेळ झाली की उरलेल्या वेळात फूल. पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागे. "अहो बाई, फूल मिटेल!" असे कोणी म्हणाले की त्या मान वर न करता म्हणत, "मिटू दे. फुलाला काय, कुणीही ओळखतं हो. त्याच्या घरच्यांना ओळखायला हवं."

जुन्या पनवेलच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. मुले त्यांना ड्रॉइंगच्या बाई म्हणत, त्याचे ड्रॉइंगबाई झाले आणि निवृत्तीनंतर त्या नवीन पनवेलला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आल्या तेव्हा हे नाव त्यांच्याआधी येऊन पोहोचले होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणारी मुले एक जास्वंद घोकून जात आणि समोर काहीही ठेवले तरी तीच जास्वंद उतरवून येत, याची बाईंना विलक्षण चीड होती. म्हणून सरावाला त्या मुद्दाम किडीने भोके पाडलेली डहाळी ठेवीत. ज्याच्या कागदावर भोक नाही, त्याला गुण नाहीत. "अळीनं रात्रभर मेहनत केलीय, आणि तू तिचं नावसुद्धा घेत नाहीस?" असे त्या पोराला विचारीत. ही पोरे आता बाप्ये झाली आहेत. पण भोक पडलेले पान दिसले की अजूनही आपसूक थांबतो, असे त्यांतल्या एकाने मला सांगितले होते.

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली. मी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. नियम मोडलेला दिसला की मला जेवण जात नाही. बाईंच्या कुंडीतली गोकर्णाची वेल सार्वजनिक जिन्याच्या कठड्यावर चढली होती. मी सोसायटीकडे उपविधींच्या आधारे रीतसर लेखी तक्रार केली. संध्याकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "शिरस्तेदार, तुमची तक्रार वाचली. वेलीनं अतिक्रमण केलंय हे मान्य. पण ती कठड्याभोवती उजवीकडून वळते की डावीकडून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पंचनामा अपुरा आहे." मी खाली जाऊन पाहिले, आणि पाहत राहिलो. तक्रार मी मागे घेतली नाही, तत्त्वाचा प्रश्न होता. पण तिचा पाठपुरावाही केला नाही. माझ्या हयातीत पाठपुराव्याविना राहिलेली ती एकमेव तक्रार होय.

खोटे काढायचे नाही, हा त्यांचा एकच कायदा होता आणि त्याला अपवादाचे कलम नव्हते. जवळच्या गावातल्या एका जमीनमालकाने नव्या बंगल्याच्या दिवाणखान्यात भिंतभर कमळे काढून मागितली. बाई गावच्या तळ्यावर जाऊन बसल्या आणि तिथे होती तशी कमळे त्यांनी भिंतीवर काढली: एक उमललेले, दोन मिटलेली, एक कडेने काळे पडून पाण्यावर झुकलेले. मालक कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाय, सगली झकास काडलीस, पन यो सुकलेला कमल कशाला? पावनं काय बोलतील?" बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्याच तळ्यातलं आहे. परक्याचं नाही आणलं." मालकांनी तो कोपरा झाकेल असा सोफा आणून ठेवला. बाईंना त्याचे वाईट वाटले नाही. "मागं आहे ना अजून?" एवढेच त्यांनी विचारले.

आता मी ज्या प्रकरणाकडे येत आहे, त्याविषयी लिहिताना मजकूर वाढत जातो, सबब वाक्ये आखडती घेतो.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक काटेसावर होती. सेक्टर पडण्यापूर्वी तिथे भातशेती होती, तिच्या बांधावरचे हे झाड. शेजारच्या नव्या गृहसंकुलाला फाटक रुंद करून हवे होते. त्यांनी अर्ज केला की हे झाड वाळलेले व धोकादायक आहे. अर्ज हिवाळ्यातला. काटेसावर हिवाळ्यात सगळी पाने टाकते आणि उघड्या फांद्यांवर फुलते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने झाडांवरचे निर्णय लिहू नयेत असे माझे मत आहे, आणि ते मी कळवलेलेही आहे. झाडाला नोटीस डकवली गेली, हरकतींसाठी मुदत दिली गेली. कार्यालयाचे नाव मी येथे लिहीत नाही. ते मी इतरत्र, योग्य त्या ठिकाणी, पोचपावतीसह लिहिले आहे.

हरकतीला पुरावा हवा. फोटो मी काढले होते, पण माझ्या फोनमध्ये झाड मागच्या इमारतीच्या ग्रिलमध्ये मिसळून जाई. फांदी कुठली आणि गज कुठला, मलाच सांगता येईना. म्हणून मी बाईंकडे गेलो. त्यांनी घडीचे स्टूल उचलले आणि दुसऱ्या सकाळपासून त्या रस्त्याच्या कडेला बसू लागल्या. विमानतळाच्या बांधकामावरचे डंपर धूळ उडवीत जात. बाई कागदावर फुंकर मारीत आणि पुढे काढीत. चित्र पुरे झाल्यावर मी पाहिले. खोडावरचा काटा न् काटा होता, पण फूल एकही नव्हते.

"बाई, दोन फुलं काढा. थोड्या दिवसांत येणारच आहेत."

"येतील तेव्हा काढीन."

"तोवर मुदत संपेल!"

"मग मुदत वाढवून घ्या. ते तुमचं काम. नसलेलं फूल काढणं हे माझं काम नाही." मग माझा चेहरा पाहून त्या जरा मऊ झाल्या. "अहो, कळ्या आहेत की. नीट बघा ना."

होत्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला गोल, घट्ट, हिरवट-तपकिरी कळ्या, आणि एकीसारखी दुसरी नव्हती. जन्मभर प्रतिज्ञापत्रांवर 'माझ्या माहितीप्रमाणे खरे व बरोबर' असे वाचत आलेला मी माणूस; फुलांचा आग्रह मला पुढे रेटता आला नाही. चित्र मी परिशिष्ट म्हणून जोडले.

सुनावणीला बाई माझ्यासोबत आल्या. अधिकारी तरुण आणि अतिशय सभ्य होते. उद्धट असते तर मला सोपे गेले असते. "काका, चित्र एक नंबर आहे. खरंच, फ्रेम करून लावावं असं. पण यात पान कुठेय?"

"कळ्या आहेत," मी म्हणालो.

"ह्या गाठी?"

"गाठी नव्हेत. कळ्या."

"काका, मी सिव्हिलचा आहे, बॉटनीचा नाही," ते हसून म्हणाले.

बाई पुढे झुकल्या. "तुम्ही येऊन बघा ना. बोट लावून दाखवते."

"साइट व्हिजिट झालेली आहे मॅडम. रिपोर्ट फाइलला आहे."

आदेश आला. त्यातले एक वाक्य मला पाठ आहे आणि ते मी विसरू इच्छीत नाही: 'हरकतदारांनी स्वतः सादर केलेल्या चित्रावरूनही सदर झाड पर्णहीन व निर्जीव असल्याचे स्पष्ट होते.' मी त्याच दिवशी फेरविचाराचा अर्ज केला आणि कळी म्हणजे काय हे त्यात विस्ताराने मांडले. उत्तर आले की हाताने काढलेले चित्र हा तांत्रिक पुरावा नसल्याने विचारात घेता येत नाही. म्हणजे तेच चित्र झाडाच्या विरुद्ध ग्राह्य, आणि झाडाच्या बाजूने अग्राह्य! मी सरकारी कागदांत केस पांढरे केले, पण एवढी निर्लज्ज विसंगती एका सहीखाली पाहिली नव्हती. मी वर अपील केले.

अपिलाची तारीख लागण्याआधी करवतवाले आले. मी पोचपावती घेऊन धावलो. मुकादमाने ती सावकाश वाचली आणि परत दिली. "काका, तुमचा पन कागद हाय, आमचा पन कागद हाय. तुमच्या कागदावर अर्ज लिवलाय, आमच्यावर आदेश. आमी तरी काय करनार?"

तेवढ्यात वर चढलेला माणूस ओरडला, "ओ दादा, हिला तं फुलं आलीत!"

आली होती. शेंड्याकडे, खालून पटकन दिसणार नाहीत अशी, जाड लाल पाकळ्यांची; साळुंक्या त्यांत चोची घालून बसल्या होत्या. मुकादमाने वर पाहिले. "आलीत तं आलीत. कागदावर मेलीय ना? चालव." करवत सुरू झाली. मी कार्यालयाला फोन लावत राहिलो. घंटा वाजत राहिली.

बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. स्टूल आणले नव्हते. फांद्या खाली येत होत्या, तशा त्या एकेका फांदीकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होत्या. मग त्यांनी विचारले, "शिरस्तेदार, माझं चित्र चुकलं का हो?"

मी बोललो, पुष्कळ बोललो. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व सांगितले, पाहणीतली त्रुटी सांगितली, अधिकारकक्षा सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे चुकलं नाही."

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं नाही?"

मी पुन्हा कार्यालयाला फोन लावला.

अपिलाचा निकाल पुढे आला: झाड आता अस्तित्वात नसल्याने अपील निरर्थक झाले आहे, सबब निकाली काढण्यात येते. मी त्यावरही लिहिले आहे आणि लिहीत आहे. पण मला जे सांगायचे आहे ते निराळे. त्यानंतर बाईंच्या चित्रांत अक्षरे दिसू लागली. आधी कोपऱ्यात एखादा शब्द, मग बाण. 'ही कळी.' 'हे पान गळलेले नाही, यायचे आहे.' चित्र पुरे झाले की त्या दूधवाल्याला, जिना झाडणारीला, कुणालाही थांबवून विचारीत, "हे काय आहे, कळतंय का?" समोरचा संकोचून हो म्हणे, आणि बाई आणखी एक बाण काढीत. आयुष्यभर ज्या बाईंनी चित्राला एका शब्दाचा टेकू दिला नाही, त्यांचा हात धरावा असे मला वाटे. पण काय सांगून धरणार? चित्र पुरते, असे? मी स्वतः ते पुरताना पाहिले नव्हते.

बाईंचे आजारपण फार लांबले नाही. भाची येऊन राहिली होती. शेवटी भेटलो तेव्हा बाई उशीला टेकून खिडकीतल्या कुंडीतला चाफा काढीत होत्या. चाफ्याची सगळी पाने गळाली होती. नुसती बोटांसारखी जाड खोडे, आणि टोकांना हिरवा ठिपका. ठिपका अगदी बरोबर आला होता. भोवती बाणच बाण.

"बाई, पुरे आता. चित्रातच सगळं आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला आहे हो. ज्याला नाही त्याच्यासाठी लिहितेय." त्यांनी पेन्सिल माझ्याकडे रोखली. "बरं आलात. तुमच्याच खात्यातलं विचारायचं होतं. इथं नुसतं 'जिवंत' लिहिलं तर चालेल, की 'सद्यःस्थितीत जिवंत' लिहू?"

मी कागदाकडे पाहिले, मग बाईंकडे पाहिले. त्या खरोखरच विचारत होत्या.

"'सद्यःस्थितीत' घाला," मी म्हणालो. "ते असलेलं बरं."

बाईंनी घातले.