भेगा बुजवण्याचा अर्धा तास

झरीच्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी सचिव. मैदान काळ्या मातीचं. पावसाळा सरला की भेगा पडतात आणि चेंडू जमिनीवरून सरळ जात नाही. म्हणून आमची पोरं तो उंच मारायची आणि हरायची. गेल्या हंगामात दहापैकी दोनच सामने जिंकलो होतो.

यंदा परभणीहून नव्या प्रशिक्षक मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी खेळाडूंच्या हातात माती वाहायच्या पाट्या दिल्या. रोज अर्धा तास भेगांत चाळलेली माती भरायची, मगच सराव.

मी म्हणालो, "मॅडम, दीड तासातला तिसरा हिस्सा मातीत चाललाय."

"लिहून ठेवा," त्या म्हणाल्या. "चेंडू खालून न्यायचा तर त्याला वाट नको का?"

पहिले दोन्ही सामने आम्ही हरलो. तिसराही हरलो तर मॅडमना निरोप द्यायचा, असं समितीत ठरलं. त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

तिसऱ्या सामन्यात आमच्या पोरांनी जमिनीवरून सलग अकरा पास दिले, मी मोजले, आणि बारावा फटका गोलात गेला. तो सामना जिंकलो, आणि त्यानंतरचे सगळे. दहापैकी आठ.

हंगाम संपल्यावर मी समितीच्या इतिवृत्तात माझं मत चुकल्याचं नोंदवलं. मग मैदानावर जाऊन मॅडमनाही तसं सांगितलं.

"बरं झालं आलात, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमची पाटी तिकडं हाय."

त्या दिवशी मी एकोणीस भेगा बुजवल्या.